रुवी, तिसरा मजला

साठ रियाल. त्यातले बारा आधीच गुहागरला गेले
धाकटीच्या दाढेपायी.
उरलेले खिशात, आणि समोर शाजीची काचेची कपाटं.

आवडला तो प्रोसेसर माझ्या बोर्डात बसत नाही.
बसेल तो बोर्ड घ्यावा, तर जुनी रॅम
त्यात शिरत नाही. खाच जराशी सरकलेली,
भाताच्या शिताएवढी.
"जोर नको, चेट्टा," शाजी म्हणाला.
मी हात मागे घेतला.

शेवटी बोर्ड जुनाच. प्रोसेसर वापरलेला,
पिना भिंगाखाली तपासून.
पॉवर सप्लाय मात्र कोरा. मुबीननं बजावलेलं :
तो गेला तर एकटा जात नाही मेला.

रात्री खोलीत चौघं, भिंतीत सॉकेट एक.
मी बटण दाबलं तेव्हा सावळारामची इस्त्री चालू होती.
खटकन मेन स्विच पडला,
एसीसकट. ऑगस्टात.

अंधारात कुणी शिवी दिली नाही.
सावळाराम एवढंच म्हणाला,
"एक बाही राहिलीय. तेवढी होऊ दे, मग तुझं."

आता इस्त्री साडेनऊपर्यंत, पुढे मी.
कॅबिनेटचा पंखा घुमतो,
आणि मुबीन झोपेत
त्या वाऱ्याकडे पाय करतो.