खड्डा की ओझं

कांकालच्या उतारावर, समुद्राकडे पाठ करून गॅरेज.
सकाळचे सात. गुल्वेन म्हणतो,
"किल्ली फिरव, आणि मग कशाला हात लावू नकोस."
रात्रभर पोट टेकून बसलेली गाडी
आधी मागून उठते,
गाय उठते तशी,
मग जरा विचार करून पुढून.
मी एकोणीस वर्षांची. हसले.
तो हसला नाही. "ऐक," म्हणाला.

टक्.
बॉनेटखाली कुठेतरी,
जीभ टाळूला लावून वाजवावी तशी.
"आता मोज."
अठ्ठावीसला पोचले तेव्हा पुन्हा टक्.
"तब्येत ठीक आहे. दोनावर वाजली असती
तर साठ्याचा गोळा मेला समजायचं."

गोळे म्हणजे कोबीच्या गड्ड्याएवढे, लोखंडी.
आत रबराचा पडदा,
पडद्यावर कोंडलेला नायट्रोजन,
पडद्याखाली तेल,
पुदिन्याच्या सरबतासारखं हिरवं.
तेल दबत नाही, ते नुसता निरोप नेतं.
दबतो तो वायू, आणि दबून परत येतो.
स्प्रिंग शोधत मी दुपारभर वाकून होते.
स्प्रिंग नव्हतीच.
सगळी गाडी चार मुठी वायूवर उभी.

ब्रेक कळायला आठवडा गेला.
मला वाटायचं, पाय ढकलतो.
"तुझ्या पायाची एवढी छाती नाही," गुल्वेन म्हणाला.
"जोर पंपाने आधीच भरून ठेवलाय.
पाय फक्त दार किलकिलं करतो."
मी पहिल्याच दिवशी दाराला लाथ घातली होती;
त्याच्या कॉफीचा डाग अजून काचेखाली आहे.

आणि मागचे ब्रेक आपला जोर
मागच्या सस्पेन्शनकडून उसना घेतात.
जेवढं ओझं, तेवढी पकड.
रिकामी गाडी मागून हलकेच धरते,
भरलेली घट्ट.
हा हिशेब कुणी कुठे लिहीत नाही.

गाडी आझेनोरची, सत्त्याहत्तर सालची.
ती रेनच्या बाजाराला कालवं नेते.
खारं पाणी टोपल्यांतून गळतं, नळ्या खातं,
म्हणून दर महिन्याला ती आमच्या दारात,
शिव्या देत.
त्या दिवशी मी तपासणीच्या खड्ड्यात, टॉर्च घेऊन;
वर ती एकेक टोपली चढवत होती.
टोपली पडली की मागची बाजू खचे,
एक दांडी कणभर वळे,
पेन्सिलएवढी झडप सरके,
तेल आत जाई,
आणि गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर.
टोपली काढली की उलट:
आधी उचलली जाई, मग सुस्कारा सोडून खाली.
पण लगेच नाही. दर वेळी थोडं थांबून.

"एवढी मंद का?" मी खालून ओरडले.
गुल्वेनचे बूट कडेला आले.
"रस्त्यात पावलागणिक खड्डा आहे.
प्रत्येकाला उत्तर देत बसली तर वेडी होईल.
म्हणून थांबते. निघून गेला, तर खड्डा.
राहिला, तर ओझं."

नोव्हेंबरात ब्रेस्टहून फोन आला.
त्याच्या भावाची, तुग्दुआलची, बोट सापडली होती.
बोटीत कुणी नव्हतं.
गुल्वेनने फोन ठेवला,
उरलेले दोन बोल्ट आवळले,
हात पुसले,
गिऱ्हाइकाला सुट्टे परत दिले, पन्नास सांतीमसुद्धा.
बुधवारीही तसंच. गुरुवारी तर त्याने
माझ्या फ्रेंच व्याकरणाची थट्टा केली;
आमच्या घरी ब्रेतोनच बोलतात.
मी मनात म्हटलं, खड्डा होता. गेला.

शुक्रवारी सकाळी गाडी उठवली, आधी मागून, मग पुढून.
टक्.
आम्ही दोघं मोजू लागलो, तो ओठांत, मी मनात.
सव्वीस, सत्तावीस.
टक्.
मी थांबले.
तो मोजतच राहिला.
चाळीस. एकसष्ट.
मध्ये आणखी दोनदा वाजली, त्याला ऐकू आली नाही.
शंभराच्या पुढे मला आकडे कळेनात,
तो ब्रेतोनमध्ये मोजू लागला होता,
लहानपणी मोजत असेल तसं.

मी हात घालून इंजिन बंद केलं.
गाडी लगेच बसली नाही.