दाब

कंबर बत्तीस. पहिल्या वहीत शाईपेनाने लिहिलंय.
हर्षेसाहेब तेव्हा नव्या पेठेतल्या या दुकानाला
सायकल टेकवून आत यायचे.

मग चौतीस. मुलगी झाली त्या वर्षी छत्तीस.
हिंजवडीची नोकरी लागल्यावर
मी विचारणंच सोडलं,
मागच्या शिवणीत दोन इंच दाब
आपणहून ठेवू लागलो.

हातपाय तसेच काटकुळे.
वाढलं ते सगळं मधेच, टेपच्या वाटेत.
"श्वास सोडा," मी म्हणायचो.
ते धरून ठेवायचे.

काल जुनीच पँट घेऊन आले, थोडी सोडून द्या म्हणाले.
उसवून पाहिली. दाब संपलेला.

शर्टासाठी गळ्याभोवती टेप घेतली तेव्हा
मानेमागे कातडी काळवंडलेली दिसली,
मळ नव्हे, मखमलीसारखी जाडसर.
अण्णांच्या मानेवर अशीच होती,
ससूनमध्ये त्यांचा अंगठा काढला त्याच्या आधी.

शिंप्याने बोलावं का? माझं काम सैल करून द्यायचं.
तरी खडू खाली ठेवला.
"साहेब, साखर तपासलीत कधी?"

ते हसले.
मग आरशापुढे आडवे उभे राहिले, बराच वेळ.
"पँट कधी मिळेल?"

रिपोर्ट घेऊन या, म्हटलं.
तोवर राहू दे माझ्याकडे.