चौसष्टच्या आत

थंडीत कपाशीच्या नाकपुड्यांतून वाफ निघते
आणि दीपांशी म्हणते, काका, बघ, इंजिन.
अकरा वर्षांची. हेल्मेट जरा मोठं,
आत माझा रुमाल कोंबलेला.
सारंगखेड्याचा पूल मागे राहिला. पुढे चाळीस किलोमीटर,
पपईच्या बागा, चारीकाठचा रस्ता, उसाच्या गाड्या,
अर्ध्यावर डॉक्टरांचा तंबू,
आणि परत.

सुटताच पोरं उधळली.
धुळीत नुसत्या शेपट्या दिसत होत्या.
तिने टाच उचलली तसं मी म्हटलं, हयू हयू.
आमच्याकडे घोड्यांशी आणि लहान पोरांशी
अहिराणीतच बोलतात,
दोघांनाही दुसरं काही पटत नाही.

ते बघ, गेले ना पुढे!
जाऊ दे. तू कपाशीचे कान बघ.
दोन खांब दुडकी, एक खांब चाल,
विजेचे खांब हेच आमचं घड्याळ.
माझा मुन्शी म्हातारा, पतपेढीतल्या कारकुनासारखा,
एक पाऊल उधारीवर टाकत नाही.
ती रुसली. चार खांब बोलली नाही.
पाचव्याला म्हणाली,
तुझ्या कपाटातला तो कप
तू असाच रमतगमत जिंकलास?

मी तंग तपासायला खाली वाकलो.

त्या कपात आता खिळे असतात.
चौदाव्या वर्षी मिळालेला. घोडीचं नाव मैना.
एका वळणावर तिने पाण्याकडे मान वळवली होती
आणि मी लगाम ओढून घेतला होता.
पोचली ती. पहिली पोचली.
पुढच्या जत्रेला आम्ही बसने गेलो.

तंबूत डॉक्टर. बिनबाह्यांचा स्वेटर,
मिशीत शेंगदाण्याचं साल.
ठोके चौसष्टच्या आत, मगच पुढे.
धुळीत दिसेनासे झालेले चार घोडे
तिथेच उभे, कुशी भात्यासारख्या हलत.
एकाचा बाप डॉक्टरांवर ओरडत होता,
मुलगा घोड्याच्या पोटाआड लपलेला.
कपाशी अठ्ठावन्न!
दीपांशी हसणारच होती. तेवढ्यात तो मुलगा दिसला.
तिने आमची बादली पायाने त्याच्याकडे सरकवली,
वर्गात बाईंच्या नकळत
खोडरबर सरकवावं तशी.

परतीच्या वाटेवर जामसिंग पावरा.
धडगावकडचा. तट्टाचा लगाम धरून पायी चाललेला.
पडलास का रे?
नाही. नाल निखळला. त्याला खडे टोचतात.
त्याचा काका नालबंदाला शोधायला गेलेला.
खरं सांगतो, मी हिशोब करत होतो.
पुढचे पाच जण थकलेत, आपल्या हातात अठरा मिनिटं आहेत,
कपाशी अजून ताजी आहे.
हिशोब लागत आला
तोवर दीपांशी खाली उतरली होती.

मग तिघंही पायी.
वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारीवरून वारा आला
आणि एकामागून एक शिंकलो, घोड्यांसकट.
त्या दोघांनी मुन्शीला कसलंसं नाव ठेवलं,
मला सांगितलं नाही.
दोन किलोमीटर उरले तेव्हा नालबंद आला, मोटारसायकलवर,
तोंडात चार खिळे, बोलता येईना.
ठोकून झाल्यावर मानेनेच म्हणाला, बसा.

रेषेपाशी जामसिंगने तिला खूण केली, तू आधी.
तिने त्याला.
तट्टू उभं, कपाशी उभी,
मुन्शी गवत शोधायला लागलेला.
माइकवाला वैतागला,
अरे, कोणीतरी या बाबांनो, मांडव सोडायचाय!

रात्री भरताची बोटं चाटत ती म्हणाली,
पुढच्या वर्षी हरवणारे त्याला मी.
सांगून ठेवलंय, चारी नाल नवे ठोकून ये.
मग कपाशीच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवून
मोजत बसली.
मी म्हटलं, दीपू, त्या कपाचं ना, असं झालं होतं...
थांब, म्हणाली. चुकेल माझं.

मी थांबलो.