लघुदाब

लघु म्हणजे हजार व्होल्टपर्यंत,
एनोरा सांगते, आणि आम्ही सातही जण हसतो.
लोरियांच्या बंदरामागे, जुन्या दोरखान्यातली खोली.
कॉफीचं यंत्र बंद, वर चिठ्ठी:
इलेक्ट्रिशियन बोलावला आहे.
आम्ही परत हसतो. या वेळी ती हसत नाही.

मासळीच्या शीतगृहात मला बावीस वर्षं झाली.
तार जिवंत की मेलेली,
हे मी हाताच्या पाठीनेच विचारत आलो,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा हात.
कंपनीने आता कागद मागितलाय. म्हणून तीन दिवस
निळी फाइल, टोचणारी खुर्ची,
आणि माझ्या मुलीच्या वयाची मास्तरीण.

ती विचारते, शॉक कुणाकुणाला बसलाय आजवर?
सहा हात वर. जरा फुशारकीनेच.
सातवा गुलवेन, आमच्यात सगळ्यात म्हातारा.
हात मांडीवरच ठेवून म्हणाला,
मला नाही.
शिडीवर होता त्याला बसला.
खालून मी ओरडलो होतो, बंद आहे रे, कर सुरू.

बाहेर सीगल किंचाळत होते.
आमच्यातल्या कुणीतरी पेनचं टोपण लावलं,
तो आवाज मोठा वाटला.

मग हातमोजे.
मनगटाकडून गुंडाळत न्यायचे,
कोंडलेली हवा बोटांत जाते,
दुभत्या गायीच्या सडांसारखी ती टम्म होतात.
गालाशी धरायचं. वारा लागला तर मोजा बाद.
माझ्या डाव्या मोज्याच्या अंगठ्यातून
कुणीतरी अगदी हळू
गालावर श्वास सोडला.
कधीपासून सोडत होतं, कोण जाणे.

टेस्टर आधी चालू जागी लावायचा: हो म्हणाला पाहिजे.
मग जिथे हात घालायचाय तिथे: नाही.
मग पुन्हा त्या चालू जागी: हो.
टेस्टरच मध्ये मेला असेल तर?
दोन हो-च्या चिमटीत धरलेलं नाही,
तेवढंच खरं.
हे मी वहीत उतरवलं आणि उगाचच
रोझेन आठवली.
काय झालंय विचारलं की म्हणते, काही नाही.
एवढ्यावर विसंबून मी
आजवर संसाराचं झाकण उघडत आलो.

शेवटच्या दिवशी कॉरिडॉरमधलं खरं पॅनेल.
स्विच खाली, त्यात लाल कुलूप,
कुलपावर मार्करने आपापलं नाव.
मेरियादेक मावेना,
शेवटचं अक्षर कडेवरून पाठीमागे उतरलं.
कुलूप ज्याचं, किल्ली त्याची,
उघडणार तोच. साहेब आला तरी नाही.
मग परीक्षा, चाळीसपैकी सदतीस,
हात मिळवणं, गुलवेनचा हात
जरा जास्त वेळ.

रात्री धुण्यात टाकायला पँट झटकली
तर फरशीवर टणकन किल्ली.
काय रे ते? रोझेनने विचारलं.
काही नाही, म्हणालो,
आणि माझं मलाच ऐकू आलं.
तिने पुन्हा विचारलं.

एनोराला फोन लावला. दुसरी किल्ली असेल ना?
दुसरी असती, तर ते कुलूप कशाला?
ती जांभई देत म्हणाली, सकाळी ये.
आणि हो, तो इलेक्ट्रिशियन संध्याकाळी येऊन गेला.
कॉफीचं यंत्रही त्याच पॅनेलवर आहे.
मग? मी विचारलं.
मग काय. तुझं नाव वाचलं,
पाठीमागचं अक्षरसुद्धा, मान वाकडी करून.
पिशवी उचलली आणि गेला.

मी किती वेळ किल्ली मुठीत धरून बसलो.
चाळीस किलोमीटरवर एक काळोखा कॉरिडॉर,
आणि एक माणूस, ज्याला मी पाहिलेलं नाही,
माझ्यासाठी हात मागे घेऊन घरी गेलेला.