अडीच मीटर

आराखड्यात रुंदी लिहिली होती : अडीच मीटर.
साठ वर्षांत तिथून काही गेलं नव्हतं,
म्हणजे आगगाडी गेली नव्हती.
बाकी सगळे जातच होते.
बॅजर, रात्री, पणज्याने पाडलेल्या त्याच वळणाने.
कोल्हा. पाण्याचा एक बारीक ओघळ.
आणि हेझलच्या फांदीवरून फांदीवर
अंगठ्याएवढा डॉरमाऊस,
उन्हाळाभर जमिनीला पाय न लावणारा.

खाण मिटली तेव्हा रूळ उचलून नेले, खडी राहिली.
खडीवर शेवाळ, शेवाळावर बर्च,
मग ब्लॅकबेरीच्या काट्यांनी असं काही विणलं
की पेनरिवची कुत्रीसुद्धा वळसा घालून जायची.
लोक म्हणायचे, रान माजलंय.
मी मोजणीची बाई. मला माजलेलं बरं वाटतं.

फेब्रुवारीत यंत्र आलं. चालवणारा हायवेल,
सभ्य माणूस, कापता कापता बोलायचा :
‘पाखरं घरटी बांधायच्या आत उरकायला हवं ना.’
कायद्याने बरोबर.
पाचोळ्याखाली शेपूट तोंडावर घेऊन
जे झोपले होते त्यांना कोण कळवणार?
लाल फडकी बांधत मी पुढे, तो मागे.
एके जागी म्हटलं, ही फांदी राहू दे,
पलीकडच्या फांदीला टेकलीय.
त्याने वर पाहिलं, यंत्र बंद केलं,
डबा उघडून सँडविच खाल्लं,
आणि ती फांदी सोडून पुढे गेला.

खोटं कशाला बोलू, उजेडाने बरंही झालं.
मे महिन्यात खडीतून पिवळंधमक काही उगवलं
आणि त्यावर निळी फुलपाखरं,
जी या दरीत मी फक्त जुन्या वहीत पाहिली होती.
ओघळ मात्र पाइपात गेला, त्याच्यासोबत पाणसरडे.
बॅजरने तीन रात्री डांबर हुंगलं.
चौथ्या रात्री आला नाही.
आणि त्या एका फांदीखेरीज
इकडच्यांची तिकडे सोयरीक होईना.

टेगवेनला हे सगळं सांगितलं.
सत्त्याऐंशी वर्षांची, चाकाच्या खुर्चीत,
बाप याच लाइनीवर सिग्नल पाडायचा.
म्हणाली, ‘माझ्या परसामागे आहे ते
आणि वीस वर्षांत मी तिथे गेले नाही.
तुझ्या उंदरांना वाट हवी, मला नको?’
मी काय बोलणार.

जूनमध्ये तिला घेऊन गेले. रात्रीचे साडेदहा.
गुडघ्याएवढे दिवे, ओळीने, पांढरे.
इथल्या काजव्यांच्या माद्यांना पंख नसतात.
गवताच्या काडीवर चढायचं,
शेपटीचा हिरवा दिवा लावायचा,
आणि कोणी उडत येतो का पाहायचं.
गेल्या जूनमध्ये तेवीस होत्या. आता
अर्धा मैल चालून पाच.
सहावी टेगवेनला दिसली, चाकापासून वीतभर,
नेमकी दिव्याच्या पायाशी,
दुपारी कंदील लावून बसावं तशी.

‘हा दिवा बंद कर.’
बटण नगरपालिकेत आहे, म्हटलं.
तिने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली,
वाकली, कण्हली, आणि दिव्यावर चढवली.
अंधार झाला, टोपीएवढा.
त्यात तो हिरवा ठिपका एकदम
खरा दिसू लागला.

आम्ही बसलो. तिचे कान गार पडले असणार.
तिने घरी चल म्हटलं नाही.
वहीत लिहिलं : सहा.
मग पेन तसंच हातात धरून
कोणी उडत येतं का, ऐकत राहिले.