मोहोळला जाताना

मालकांचा डावा कान मागानं खाल्ला.
बावीस वर्षं जेकार्ड, बहुतेक रातपाळी,
मग कारखान्याला कुलूप
आणि उरली ती कानातली शिट्टी.

आता ते पेटीवर तळवा ठेवतात.
लाकडातून हाताला जे चढतं
त्यावरून सांगतात :
राणी आहे. राणी गेली. उपाशी आहेत.
मी झाकण काढून बघते, तर तसंच.
राणी नसली की थरथर विस्कटते म्हणे,
धोटा उडालेल्या मागासारखी.

माझी बोटं विडीची.
हजार वळायच्या, शंभरेक बाद व्हायच्या.
तीच बोटं आता चौकटीच्या कडेचं
भुईमुगाच्या शेंगेएवढं राणीघर
चिमटीत धरून अलगद काढतात,
निम्मं घर उडून जाऊ नये म्हणून.
इथं बाद काढणारा कुणी नाही.
चुकलं तर पेटी रिकामी, एवढंच.

अंधार पडला, सगळ्या आत आल्या
की दारांना जाळी, पेट्यांना पट्टे.
टेम्पोत चोवीस.
चौकटी गाडीच्या तोंडाच्या रोखानं लावायच्या.
आडव्या लावल्या तर ब्रेकला पोळी कोसळतात,
हे आम्ही एकदाच शिकलो.

पुणे नाक्यावर हवालदार विचारतो, काय आहे?
मी म्हणते, मोहोळ.
कुठं चाललाय?
मोहोळला.
तो माझ्याकडे बघतो, टॉर्च मारतो,
वाकून पेटीला कान लावतो
आणि म्हणतो, जावा जावा.

शहाजी गुंडांचा सहा एकर कांदा, बियाण्याचा.
दहातलं एक फूल उमललं की फोन करा म्हटलं होतं.
आधी आणल्या तर शेजारची करडई हेरून ठेवतात,
मग कांद्याकडे ढुंकून बघत नाहीत.
कांद्याचा रस त्यांना तसा आवडत नाहीच,
हेही मी गुंडांना सांगून टाकलं.
"मग आमी भाडं कशाचं द्यायचं?"
"जातात हो. भूक लागली की जातात."

चार-चार विटा, वर पेटी, दार उगवतीला.
परातीत पाणी, पाण्यात खडे, बुडू नयेत म्हणून.
फुलोरा सरेपर्यंत पंप खुंटीला :
गुंडांनी शब्द दिला.
बांधापलीकडच्या कलिंगडवाल्याला
विचारायचं राहून गेलं.

नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास
सतरा नंबरच्या दारात मूठभर,
अठराच्या पुढ्यात सूपभर,
जिभा बाहेर काढून.
मालकांनी अठरावर तळवा ठेवला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
काय म्हणतात, मी विचारलं.
"भोंगा झाल्यावर खातं असतं, तसं."

कलिंगडवाला आला संध्याकाळी, टोपी हातात.
त्याच्या वेलांवरही ह्याच जात होत्या,
हे त्याला मालकांनी दाखवलं, सांगितलं नाही.
आता तो दिवस मावळल्यावर फवारतो.
औषधही बदललंय म्हणाला. बघू.

मध जेमतेम निघाला.
तीन चौकटी घेतल्या, बाकी तशाच ठेवल्या.
चैत्र-वैशाखात त्यांनी काय खायचं?

निघालो तेव्हा तेवीस भरलेल्या, एक रिकामी.
सकाळी गुंडांचा फोन.
"ताई, पाच-सात माशा विटांभोवती फिरत्यात.
काय करू?"
राहिल्या असतील रात्री बाहेर, फुलातच कुठंतरी.
मालकांनी खुणेनं विचारलं, काय?
मी फोनवर म्हटलं,
परात उचलू नका एवढ्यात.