वर्ग वजा दोन

रेझेक्नेच्या पूर्वेला एक गाव आहे,
तळं गोठलं की पलीकडचे लोक
बर्फावरून चालत दुकानाला येतात.
तिथे तेक्ला वोनागा गणित शिकवते.
सध्या नऊ मुलांना.

शाळेच्या तळघरात, बिटाच्या पोत्यांशेजारी
एक जुना संगणक रात्रंदिवस घरघरतो.
त्याच्यापुढे तिने एक संख्या टाकली आहे :
दोनाचा सहा कोटींच्या आसपासचा घात, वजा एक.
घातांक मूळ आहे. त्यावर जाऊ नये.
अकराही मूळच,
पण दोनाचा अकरावा घात, वजा एक
तेवीस आणि एकोणनव्वद यांत मुकाट फुटतो.

'केवढी आहे?' मुलं विचारतात.
वहीच्या एका चौकटीत एक अंक
असं लिहीत रेझेक्नेहून निघालात
तर दौगाव्पिल्सला पोचाल तेव्हा
शेवटचा अंक लिहीत असाल.

रीत मात्र साधी.
चार घ्या. वर्ग करा. दोन वजा करा.
संख्येने भागा, बाकी ठेवा.
बाकीचा वर्ग करा. दोन वजा करा.
फळ्यावर ती एकशे सत्तावीस तपासून दाखवते :
चार
चौदा
सदुसष्ट
बेचाळीस
एकशे अकरा
शून्य.
'एकशे अकराकडे बघून वाटलं नव्हतं,'
एदगार्स म्हणतो, जरा रागावून.
शेवटी शून्य उरलं म्हणजे मूळ.
काहीही उरलं, एक जरी उरला, तरी नाही.
खालच्या यंत्राला हेच करायचंय,
फक्त सहा कोटी वेळा.

तिच्या भाषेत याला दोन निराळे शब्द आहेत.
माझ्या भाषेत आकड्याचाही वर्ग
आणि मुलांचाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
एदगार्स आणि एल्विरा, जुळी भावंडं,
आयर्लंडला गेली. त्यांची आई तिथे
एका लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये मशरूम खुडते.
वर्ग वजा दोन.
'सात,' तेक्ला म्हणाली, 'मूळ आहे,'
आणि खडू शोधत राहिली.
खडू हातातच होता.

दोनदा बर्फाने वीज गेली.
जिथे थांबलं होतं तिथून यंत्राने पुन्हा उचललं,
न कुरकुरता.
रेझेक्नेहून एक पत्र आलं,
शाळेबाबत विचार चालू आहे.
कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या दिवशी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी
ती बीट आणायला खाली गेली
तेव्हा पडद्यावर उत्तर येऊन थांबलेलं होतं.
शून्य नाही.
म्हणजे संख्येला भाग जातो.
कुठेतरी एक आकडा आहे
जो तिला नि:शेष भागतो,
तो आहे एवढं आता पक्कं ठाऊक,
कोण, ते ही रीत सांगत नाही.
कुणाला कधी सापडेल की नाही
तेही नाही.

तिने चार बीट निवडले,
पुढचा घातांक भरला,
आणि दिवा घालवून वर आली.

रात्री फोन वाजला. एल्विराचा निरोप :
बाई, शून्य आलं?
नाही. बाकी उरली.
किती?
तेक्लाने चष्मा पुसला,
अंगठ्याने एकेक अक्षर दाबत लिहिलं :
जवळजवळ
दौगाव्पिल्सपर्यंत.